आक्काची एकटी येळवस

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. लेकाला सांगितली नाही, सुनेला नाही, आणि जिला आधी सांगायला हवी होती त्या आक्काला तर नाहीच.

आक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन लातूरकडल्या मुरुडजवळच्या आमच्या घरी परतली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. सत्तरीनंतर तिच्या गळ्यात गाठ आली, थायरॉइडचा कॅन्सर निघाला. लातूरला ऑपरेशन झालं, मग हैदराबादला किरणोत्सारी आयोडीनची गोळी. डॉक्टरांनी मला समजावलं, गोळी उरलेल्या पेशींपर्यंत पोचते आणि तिथंच किरणं सोडून त्यांना मारते. थोडी किरणं अंगाबाहेरही येतात, म्हणून दोन आठवडे लहान लेकरं आणि गरोदर बायांपासून लांब राहायचं. पुढं काही पथ्य नाही. कागदावरही हेच होतं. आक्काला वाचता येत नाही, कागद माझ्या खिशात राहिला.

वरच्या खोलीत ती मजेत राहिली. जिन्यावरून ओरडायची, "लुकलुकायलेय का रे मी? मग ह्यो बल्ब तरी काढून न्ये की!"

दोन आठवडे संपले. आठ दिवसांवर येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण होता आणि नांदेडहून लेक-सून येणार होते. सुनेला पाचवा महिना. त्याआधी दोनदा तिचं पोट पडलेलं. डॉक्टरांचं पटलं होतं, तरी माझी छाती होईना. मी म्हणालो, "आक्का, डॉक्टरनं दोन म्हैने सांगितलेत."

ती म्हणाली, "बरं. जावा तुमी. गावाला राखण कुणीतरी पायजेच की."

येळवसेला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन सगळे आपापल्या शेतात. आंबिलीचा बिंदगा, म्हणजे घडा, आईनंतर कायम आक्काच्या डोक्यावर असायचा. त्या वर्षी आंबील माझ्या बायकोनं केली आणि आक्का जिन्यावरून सांगत राहिली, "लसूण हात आखडून घालू नगंस, बाई!"

दिवस मावळता आम्ही परतलो. ती खिडकीत होती. "दिसभर एक कुत्रं तेवढं आलं," ती हसत म्हणाली. "त्यालाबी भाकर लांबूनच टाकली."

नात झाली, ठणठणीत. आता शाळेत जाते आणि सुट्टीला आली की आक्काला सोडत नाही. आक्काचे रिपोर्ट चांगले आहेत. घर सुखात आहे.

यंदा माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी लातूरला स्कॅन केला. त्यातही किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, कॅन्सर कुठंकुठं आहे ते त्यावरून दिसतं. फारसं पसरलेलं नव्हतं. घरी आलो तर आक्का खाट ओढून माझ्याजवळच बसली.

"लेकरापासून किती दिस लांब ऱ्हायचं?"

"आजच्यापुरतं."

"मला दोन म्हैने, आन् तुला एक दिस?" तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "औषधं सुधारली म्हणायची."

"व्हय," मी म्हणालो. "लई सुधारली."

ती समजली होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. पाणी आणते म्हणून ती उठली. तिच्या पाठीकडं बघत मी मनात म्हणालो, आक्का, डॉक्टर दोनच आठवडे म्हणला होता. दोन म्हैने माझे होते. चुकलं माझं.