वाढलंय, मामा

साल १९८४. मी एक्केचाळीस वर्षांचा. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, पाणी मात्र टँकरनंच यायचं.

"रगत खोटं बोलत न्हाई, मामा." दादाच्या दंडाला रबर आवळताना तो दर खेपेला मला असं म्हणायचा. आमच्याच गल्लीतला पोरगा, दवाखान्यात रक्त तपासायचा.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. आम्ही दोघं डाळ मिलमध्ये हमाल. डॉक्टरांचं बोलणं मला कळायचं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी ह्याला विचारायचो.

"एन्झाइम वाढलंय, मामा."

पीक वाढतं, पगार वाढतो, लेकरू वाढतं. वाढलेलं वाईट असतं, हे मला कुणी शिकवलं होतं? मी पेढे आणले. त्यानं एक खाल्ला.

पुढच्या खेपेला म्हणाला, "रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी झाल्यात."

"मंजी लढाई संपत आली. शिपाई घराकडं निघाले म्हण की!"

तो सुया उकळत होता. मागं न वळता म्हणाला, "आसंल बी."

दादा खोकत खोकत हसला. "असला डॉक्टर घरात आसल्यावर मला काय धाड भरतीय?"

बाकीच्यांना तो म्हणायचा, कापूस तुमचा तुम्ही दाबा. दादाचा मात्र स्वतः धरून बसायचा. तुम्ही म्हणाल, चांगला होता. होताच. तरी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

दादाची लेक मुदखेडला दिलेली. ती यायचं म्हणत होती. मी एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला: बाप सुधारायलाय, हितं प्यायला पाणी न्हाई, पाऊस पडल्यावर ये.

ती आली ती मातीलाच. माझ्याशी बोलली नाही.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी घास आणतात. त्या संध्याकाळी तो पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आला. मी दारातच अडवला.

"एन्झाइम वाढलं मंजी काय, रं?"

"रोग वाढला की ते वाढतं."

"आन तू पेढा खाल्लास?"

"तुमी लई खूश व्हता, मामा."

"पोरीला बापाचं तोंड दिसलं न्हाई, लेका."

टोपली तशीच परत लावून दिली. लेकरं उपाशी निजली, निजू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. उन्हाळ्यापासून खोकला मलाही होता. त्याच्यासमोर बसलो, बाही वर केली.

"काढ. आन काय आसंल ते तोंडावर सांग."

पहिल्या खेपेला त्याला शीर सापडली नाही.