बुरुजावरची उडी

न्हाई संत्या, तू कितीबी म्हण, गेममधला तो बुरूज मीच पार केलता. वडवणीच्या नेट कॅफेत, शाळा बुडवून. तू नुसता शेजारी बसलता!

दोस्तहो, हे भांडण बारा वर्षांचं हाय. पन्नास रुपयांची पैजबी लागलेली, की एकट्यानं पार करून दाखव.

आज माझ्या तमिळनाडूतल्या, होसूरच्या कंपनीला सुट्टी. रूममधल्या पोराच्या लॅपटॉपवर तोच तलवारीचा जुना गेम टाकला. चित्रं खडबडीत दिसतात, पण गडी भिंतीवरून पळायला लागला की अजून लई भारी वाटतं.

बुरुजावरून मात्र चौदा वेळा पडलो. शेवटी गावाकडं संत्यालाच व्हिडिओ कॉल लावला.

तो खो-खो हसला. "आरं येड्या, पळायची बटनं तुझी, उडीचं माझं. तासाचे पैसे निम्मे-निम्मे, म्हणून कीबोर्डबी निम्मा. इसरला व्हय बे?"

खरंच इसरलो होतो.

मग फोन लॅपटॉपसमोर टेकवला; तो बघून "आता!" म्हणला की मी उडी मारायची. तिसऱ्या खेपेला पार! दोघंबी वरडलो.

तुमच्या कोणत्या पराक्रमात असा दुसऱ्याचा हात होता, सांगा की.

एकट्यानं जमलं न्हाई, संत्या. पैज हरलो. पाठवतोय, पन्नास रुपये.