सोबती सरांचं वऱ्हाड

आमच्या सोबती सरांना जगात कुठलीच गोष्ट एकटी दिसायची नाही. समोर चहा ठेवला तरी कप उचलायच्या आधी म्हणायचे, "ह्याच्या मागं कोण कोण हाय?" मग म्हशीपासून सुरुवात. चहा गार व्हायचा आणि आम्ही शिक्षक मंडळी गालातल्या गालात हसायचो. माणूस जरा चक्रम आहे, असं माझंही पक्कं मत होतं.

धारूरजवळच्या आमच्या निवासी शाळेत ते कंत्राटावर संगणक शिकवत. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं हंगामभर आमच्याकडे राहायची. संगणक देणगीत आलेले, म्हातारे. त्यांवर सरांनी लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घातलेली. इंटरनेट नावालाच. एखादं सॉफ्टवेअर हवं असलं की सर एसटीने माजलगावला जायचे आणि मित्राच्या दुकानातून हार्डडिस्क भरून आणायचे. "एवढ्याशा सॉफ्टवेअरला अख्खा रविवार?" मी एकदा विचारलं. "मॅडम, नवरदेवाला एकट्यालाच बोलावता येतंय का? करवली, मामा, बँडवाला, समदे येतेत. पॅकेजचं तसंच हाय. आपले सोबती कोण, ते आधीच सांगतंय. त्यातला एक जरी माजलगावात राहिला, तर नवरदेव वेशीवरच उभा." एखादं पॅकेज चालायला लागणारी दुसरी पॅकेजं, म्हणजे डिपेंडन्सी, त्यांना ते सोबती म्हणत. पोरांनी सरांनाच ते नाव ठेवलं.

काही काढायचं म्हटलं की सर आणखी धास्तावायचे. एखादं पॅकेज काढायला घेतलं, तर संगणक आधी विचारतो: ह्याच्या आधारावर असलेली ही ही पॅकेजंही जातील, चालेल? अशा ठिकाणी आपण सगळेच डोळे झाकून 'हो' म्हणतो. सर मात्र मुलांकडून ती सगळी नावं मोठ्याने वाचून घ्यायचे. "काढायचं लई सोपं हाय. मागं कोण कोण जातंय, ते आधी बगा."

मुलांमधली सीमा हे सगळं सरांच्याइतक्याच चिकाटीने करायची. ऑपरेशननंतर तिच्या आईला वाकता येईना, तेव्हा वडील तिला न्यायला आले. ऊसतोडीत दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. "एकट्याला मुकादम घेत न्हाई, सर," ते म्हणाले. सरांनी त्यांना लॅबमध्ये नेऊन बसवलं. सीमाने त्यांच्यादेखत एक बंद पडलेला संगणक चालू करून दाखवला. "हे चालू हाय तवर राहू द्या हिला," वडील म्हणाले, आणि भावाशी जोडी लावून गेले.

पुढच्या वर्षी संस्थेने सरांचं कंत्राट वाढवलं नाही. अध्यक्षांच्या नात्यातला एकजण त्या जागी आला. सर जाताना हार्डडिस्क कपाटात ठेवून गेले. "पुसू नका. वऱ्हाड हाय तिच्यात." संस्थेच्या कार्यक्रमाचं शूटिंग ठेवायला ती पुसली गेली. मग नव्या शिक्षकाने, जुनं कशाला हवं म्हणून, जुनं पायथन, म्हणजे बाकीचे कितीतरी प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालत होते तेच, काढायला घेतलं. एका संगणकावरचा हुकूम सगळ्यांवर चालावा अशी सोय सरांनीच करून ठेवलेली. पडद्यावर लांबलचक नावं आली. त्याने 'हो' दाबलं. चित्रं, खिडक्या, मराठी अक्षरं, सगळं त्या पायथनच्या मागोमाग गेलं. प्रत्येक संगणकावर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक खूण उरली. परत आणायला ना इंटरनेट, ना डिस्क. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, अजूनही येतो. सरांना एक दिवस बोलवू या, असं मी सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "काढलेल्या माणसाला परत कशाला बोलवायचं?"

हंगाम लागला. सीमाचा चुलता तोवर स्वतःच्या बायकोबरोबर कारखान्याला गेलेला. वडील आले, बंद पडलेल्या लॅबचं कुलूप बघितलं आणि तिची पेटी उचलली. ती ट्रॅक्टरवर चढली तेव्हा तिच्या हातात नवा कोयता होता. तिचं बघून आणखी पोरींचे आईबाप त्यांना न्यायला आले.

सर आता नांदूरघाटला भावाच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतात. मी फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, संगणकांचं विचारतील, डिस्कवरून चिडतील.

"कोण कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी एकेका पोरीचं नाव सांगत गेले. पलीकडून सर ते मोठ्याने म्हणत होते, लॅबमध्ये मुलांकडून म्हणून घ्यायचे तसंच. सीमाचं नाव मी शेवटी सांगितलं. ते मात्र त्यांना म्हणता आलं नाही.