जावयाचं नाव

माझा नवरा परदेशी आहे. कुठल्या देशाचा, ते इथं लिहीत नाही, कारण भीती अजून पुरती गेलेली नाही. गुजरातेतल्या सचिन या गावी कापडाच्या एका युनिटमध्ये नवे लूम म्हणजे माग बसवायला तो आला होता आणि मी तिथं ऑफिसात होते. लग्न आधी कचेरीत नोंदवलं, मग विहारात लावलं. लोकांच्या पोरी परदेशी नवरा करून विमानात बसतात. माझा नवराच लिंबायत वस्तीतल्या आमच्या गल्लीत राहायला आला, तो माझ्या वडिलांपायी. आई आधीच गेलेली, त्यात वडिलांना लकवा मारला आणि त्यांची उजवी बाजू गेली. मला एकटीला ते उचलले जात नव्हते. नवरा रोज सकाळी त्यांना दोन्ही हातांवर उचलून मोरीत नेऊन बसवायचा, आणि वडील डोळे मिटून घ्यायचे. आधी लाजेनं, पुढं पुढं आरामानं.

त्याला इथं राहायचं तर व्हिसा वेळोवेळी वाढवून घ्यावा लागतो. तो वाढला नाही तर त्यानं जायचं आणि मी मागं राहायचं, एवढं सरळ होतं. वडिलांना टाकून मी कुठं जाणार होते? म्हणून अर्ज भरल्यापासून माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या होत्या, पोलीस घरी येऊन खात्री करतील, मगच पुढचं बघू.

पोलीस आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. वडिलांना व्यायामासाठी दवाखान्यात नेलं होतं. परत आलो, तर शेजारची मावशी दारातच उभी. ही माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण, पण आईच्या मागं तिनंच मला सांभाळलं. ती नंदुरबारकडची, घरात अहिराणीच बोलते. माझा हात धरून हळूच म्हणाली, "पोलीस वना व्हता. आम्ही सांगी दिधं, आठे असा कोन्ही नही."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं कौतुकानं सांगितलं. पोलिसानं कागदावरचं नाव वाचून दाखवलं, तसलं नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. मग त्यानं विचारलं, कोणी फॉरेनर राहतो का? तोवर गल्ली सावध झाली होती. सगळ्यांनी नाही म्हटलं. मावशीनं तर दोरीवरच्या माझ्या नवऱ्याच्या त्या लांबलचक पँटी काढून आणल्या आणि बूट आपल्या खाटेखाली ढकलले. ते बूट ती आता मला परत देत होती.

"मावशे, अगं काय करून बसलीस तू," म्हणत मी ओट्यावरच बसले. त्या बुटांकडं बघून मला रडूही येत होतं आणि तिच्या अंगावर धावून जावंसंही वाटत होतं. पण तिला काय बोलणार? आमच्या गल्लीत पोलीस आला की पोरं घरात जातात आणि बाया दारात येतात. लूमवाल्यांच्या संपात मावशीच्या नवऱ्याला असंच घर विचारत येऊन नेलं होतं. ते परत आले, पण पुन्हा कधी मान वर करून बोलले नाहीत. तेव्हा ज्यानं घर दाखवलं, त्याला मावशीनं अजून माफ केलेलं नाही. घर दाखवायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

आणि नावाचं म्हणाल तर आमच्यात जावयाला नावानं हाक मारत नाहीत. तो आला त्या दिवसापासून गल्लीभर जावईच झाला. किराणावाला जावई म्हणायचा, रिक्षावाले जावई म्हणायचे. तोही त्याच नावाला ओ द्यायला शिकला होता.

रिपोर्ट गेला तो असा, की या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही. ऑफिसातल्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की यामुळं लग्न फक्त कागदावरचं असल्याचा संशय येतो, आता चौकीत जाऊन जबाब द्या, शेजारचा साक्षीदार आणा. त्या वाईट नव्हत्या. त्यानंतर गल्लीत मोटारसायकल थांबली तरी पोळी तव्यावर करपायची आणि मी दाराकडं बघत राहायचे.

नवरा मला धीर द्यायचा. पण एका सकाळी त्यानं वडिलांच्या पाठीखाली जुनी चादर सरकवली आणि मला म्हणाला, बघ, चादरीचं टोक असं धर, कंबर नाही, गुडघे वाकव. मला वाटलं सहज दाखवतोय. मग लक्षात आलं, तो गेल्यावर मी एकटीनं त्यांना कसं उचलायचं ते शिकवतोय. माझं डोकंच फिरलं. चादर ओढून मोरीत फेकली आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याला मराठी अर्धीच कळायची, तो वडिलांना सावरून बसवत राहिला. वडिलांच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. मीच चादर धुऊन वाळत घातली.

साक्षीला कोण येणार? ज्याला त्याला कामाची पाळी होती, पाहुणे होते, ताप होता. मला राग आला, पण खरं सांगते, त्यांच्या जागी मीही गेले नसते. मावशी मात्र लग्नाकार्यातली साडी नेसून तयार होऊन आली. रिक्षात तिनं माझा हात धरला तो चौकीपर्यंत सोडला नाही. नवऱ्याला संपात नेलं होतं तेव्हापासून ती चौकीची पायरी चढली नव्हती.

चौकीतले साहेब गुजराती होते. त्यांनी हिंदीत विचारलं, आधी नाही म्हणालात, आता हो म्हणता, मग आधी खोटं का बोललात? मावशी घाबरली की तिची हिंदी-गुजराती सगळी पळते. ती माझ्याकडं बघत अहिराणीत म्हणाली, "तुमी पोलीस शेतस ना, म्हनीसन." आता हे साहेबांना कसं सांगायचं? पण तिच्यासमोर दुसरं काही सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, साहेब, ती म्हणते, तुम्ही पोलीस आहात म्हणून.

साहेबांनी समोरचा कागद ओढला. मग त्यांनी विचारलं, ठीक आहे, याचं नाव काय?

मावशीला नाव माहीत नव्हतं. ती जावई म्हणाली आणि थांबली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं. याला आता जावं लागणार आणि चादरीची टोकं माझ्या हातात राहणार. शेजारी नवरा ताठ बसलेला.

मावशी उठली. माझ्या खुर्चीला वळसा घालून त्याच्यापाशी गेली आणि जावयाला हात लावायचा नसतो ते विसरून तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. केसांच्या कडेला एक जुना वण होता, त्यावर एक ताजा. "नाव माले माहीत नही," ती म्हणाली. "रोज मना घर चहा ले येस. रोज दारनी चौकट कपाळले लागस. मी रोज सांगस, वाक रे बाबा." मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले.

साहेबांनी त्या कपाळाकडं बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गल्लीत आले, मावशीच्या दारात उभे राहिले आणि चौकटीला हात लावून पाहिला. मग आमच्या घरात डोकावून वडिलांना नमस्कार करून गेले.

व्हिसा वाढला. पुन्हा वाढवायचा आहे, आणि तारीख जवळ आली की माझी झोप उडते. मावशीनं मात्र त्याच्याकडून त्याचं नाव शिकून घेतलं, आडनावासकट, भाजी निवडता निवडता घोकून. त्याला हाक अजून जावई अशीच मारते. परवा गल्लीत मोटारसायकल थांबली, माझ्या हातातलं पातेलं निसटलं. मी दारात पोचायच्या आत मावशी त्या माणसाला माझ्या नवऱ्याचं अख्खं नाव सांगून आमच्या घराकडं बोट दाखवत होती. तो बिचारा लाइटचं मीटर बघायला आला होता.