मागचं मडगार्ड

उंब्रजला हायवेच्या पुलाखाली सायकली दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. लेकीच्या सायकलीला नवी मडगार्डं बसवायला मी त्यांच्याकडे गेले होते. शाळेतून येताना तिला उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं यावं लागतं, आणि ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

पुढचं मडगार्ड त्यांनी फार जपून बसवलं. नट आवळायचा, चाक फिरवायचं, कान लावायचा, की पुन्हा आवळायचा. "पुढलं सुटून चाकात गेलं तर मानूस तोंडावर पडतंय," म्हणाले. मागच्याचा नट मात्र त्यांनी आवळून परत जरा ढिला केला. चाक फिरवलं तर मडगार्ड खडखड वाजायला लागलं.

"चाचा, हे वाजतंय की!"

"वाजू दे, ताई. समद्यांचं मी असंच ठेवतो." ते फडक्यानं पाना पुसायला लागले आणि पुसतच राहिले. "माझ्या पोराचं लय घट्ट बसवलं हुतं. सायकल कवा घरात यायची, कळायचंच न्हाई. म्हणून त्या दिवशी आमाला वाटलं, आला आसंल. रातीपत्तूर कुनी रस्त्यावर बघाया गेलंच न्हाई."

मी पैसे दिले आणि सायकल तशीच खडखडत घरी आणली.

आता संध्याकाळी ती खडखड ऐकू येईपर्यंत मी कुकर लावत नाही. शिट्टीत आवाज बुडून जाईल, अशी भीती वाटते. काल खडखड आली. मी गॅस पेटवला, आणि दुसऱ्याच कुणाची तरी ती खडखड आमच्या दारावरून तशीच पुढे निघून गेली.