उघडी दारं आणि ओट्यावरची मशीन

दत्तूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. त्याचा मुलगा निलेश बोलत होता. "आत्या, बाबा गेले. दुकानातच..." तिकडे कारंज्यात कोणी व्यापारी गेला की दुकानांची सगळी ओळ शटर ओढते. फोनमधून तो आवाज येत राहिला, एकामागून एक...

दत्तूदादा माझा मावसभाऊ. मराठीत एम.ए. करून वडिलांच्या कापडदुकानात बसला. कवितेची ओळही तो कापडासारखी उजेडासमोर धरायचा आणि विरळ जागा शोधायचा. दुकानाच्या ओट्यावर युसूफभाईंची शिलाई मशीन. आत कापड फाडलं की बाहेर त्याचा सदरा व्हायचा. दोघांचे वडीलही असेच बसत.

गेल्या पावसाळ्यानंतर गावाची हवा बदलली. दूर कुठेतरी काही घडलं, त्याचे व्हिडिओ इथल्या मोबाईलवर फिरले. मग चार ओळखीचे लोक दुकानात आले, चहा प्यायले, आणि मशीन ओट्यावरून हलवलेली बरी, असं हसत सांगून गेले. त्यानंतर समोरच्या पानठेल्यावर रोज कोणीतरी उभं राहू लागलं. नुसतं ओट्याकडे पाहत असे.

त्याच दिवसांत वाचनालयाने दादाला प्रजासत्ताक दिनी एका नव्या कवितेवर बोलायला सांगितलं. देशाच्या एकोप्याची, उद्याच्या आशेची कविता. मी दुकानात गेले तेव्हा त्याने ती माझ्यापुढे ठेवली.

"तू मास्तरीण ना? सांग, कशी आहे?"

"चांगली आहे. एकच अंगण, सगळ्या घरांची दारं उघडी, वर सकाळ..."

"दारं उघडी हायेत, ते दिसलं मले. पण पुऱ्या कवितेत एक तरी माणूस बाहेर येऊन राह्यला का?"

मी पुन्हा वाचली. कोणीच नव्हतं.

"कविता खोटी नाई," तो म्हणाला. "घाईत आहे. आशा म्हणजे वाट पाहणं. हे तर पोचल्यासारखी बोलून राह्यली."

बाहेरून युसूफभाई म्हणाले, "शेठ, कविता ढिली असन तर इकडं द्या. दोन टाके मारून देतो!"

दादा मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही. पानठेल्यावरचा माणूस ऐकत होता.

"तू तिथं हेच बोलणार?"

"मंग काय, नुसत्या टाळ्या वाजवून येऊ?"

कार्यक्रमाला मी होते. त्याने कविता फार मायेने उलगडली. शेवटी म्हणाला, "दार उघडं असणं पुरेसं नाही, त्यातून माणसांची ये-जा हवी. माझ्या ओट्यावरचा माणूस उद्याही तिथेच बसेल. मला ही कविता एवढीच समजली..." टाळ्या झाल्या नाहीत. खुर्च्या तेवढ्या सरकल्या.

गिऱ्हाईक तुटलं. मग युसूफभाईच येईनासे झाले. "शेठ, माह्यापायी तुमच्या जिवाले घोर नको," एवढं सांगून गेले. दादाचं हृदय आधीच अधू होतं. तरी रोज सकाळी तो मशीन पुसायचा, त्यांचं स्टूल ओट्यावर मांडायचा. तो गेला त्या दिवशीही मांडलं होतं.

तेरवीनंतर निलेशने हळूच विचारलं, "आत्या, मशीन गोदामात टाकू का? लोकं विचारून राह्यले."

"कोण लोकं?" आतून वहिनी म्हणाली. "नाव सांग."

निलेशने गोदामाची किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.

दुसऱ्या सकाळी वहिनीने स्वतः शटर उचललं, मशीन पुसली, स्टूल मांडलं. पानठेल्यावर आता दोघं उभे होते. माझ्या बसची वेळ झाली होती. पिशवी खाली ठेवून मी ओट्यावर बसले, युसूफभाईंचं स्टूल मोकळं ठेवून... आणि ते ज्या गल्लीतून येत, तिकडे पाहत राहिले.