तोंडावर बोट ठेवलेली अंगणवाडी

आमची मुलगी चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, एकुलती एक. नगरला नेऊन कान तपासले, कानात दोष नव्हता. डॉक्टर म्हणाले, "घरात तुम्ही दोघं मोठी माणसं आणि ही एकटी. हिला पोरांत सोडा, आणि वेळ घालवू नका." म्हणून तिला गावातल्या अंगणवाडीत घातली. मिरजगावच्या इंग्रजी शाळेची व्हॅन येते, तीत बूट-टाय घालून जाणारी पोरं आहेत. पण आमची व्हॅनमध्ये बसेना.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. दुधाची फॅट मोजायची, आकडा सांगायचा, वाद झाला तर परत मोजून दाखवायची. आकड्यावर माझा विश्वास आहे. अंगणवाडीबद्दल मात्र मला खिचडी आणि वजनकाटा यापलीकडे काही माहिती नव्हतं. तिथल्या ताई शिकवताना कधी दिसायच्या नाहीत. सतरंजीवर पोरांत बसलेल्या असायच्या, हाताला ओली माती. पोराला काही विचारायच्या आणि मग गप्प राहायच्या. पोरगं उत्तर देईपर्यंत तशाच त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, बाई आळशी आहे.

पावसाळ्यात एका सकाळी ताई दूध घालायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, काल बोलली. दे म्हनली. मातीचा गोळा दुसऱ्या पोराकडं व्हता, त्याला दे म्हनली."

त्यानंतर मी तिचे शब्द मोजायला लागलो. दे, नको, माऊ, पानी. दिवाळीपर्यंत अकरा झाले. आठ अंगणवाडीत, तीन घरी. बायको म्हणायची, मोजू नका, दृष्ट लागेल. मी मनातल्या मनात मोजत राहिलो.

मग पाहणीची बातमी आली. आमची अंगणवाडी आणि हायवेपलीकडची, दोन्हीकडे पोरं कमी. बाहेरच्या एक मॅडम येऊन दोन्ही ठिकाणी सकाळभर बसणार, पोरांना तिथं काय आणि कसं शिकायला मिळतं ते बघून गुण देणार, आणि जिथं गुण जास्त तीच चालू राहणार, असं पर्यवेक्षिकांनी पालकांच्या बैठकीत सांगितलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आपली बंद झाली तर?" मी म्हणालो, "नाही होणार." पलीकडे जायचं तर हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, हा एक भाग. खरी भीती दुसरी होती. या ताई तिकडे जाणार नव्हत्या. नव्या माणसासमोर आमची मुलगी महिना महिना भिंतीला चिकटून राहते.

पाहणीच्या सकाळी केंद्रावर बायकांची गडबड होती.

"भाऊ, पोरं तयार केलीत. मॅडमपुढं हूं का चूं न्हाई."

"माझ्या नातवाला म्हनलंय, गप बसलास तर बिस्कुटाचा पुडा."

"आजी, मंग आमच्या मालकाला बी द्या की एक पुडा!"

सगळ्या हसल्या. रांगेत उभ्या असलेल्या ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अवो, बोलू द्या पोरांना. त्यांनी बोललं तरच चांगलं."

"ताई, तुमी नका काळजी करू. तुमचे मार्क जाऊ देत न्हाई आमी. तुमच्यासाठीच करतोय न्हवं?"

यात कोणाचं काही वाकडं नव्हतं. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की शाळा गप्प बसते. आमच्या वेळीही तसंच होतं. वर्ग जेवढा शांत, तेवढे गुरुजी चांगले.

संकलन आटोपून मी अंगणवाडीवर गेलो. खिडकीबाहेर चार-पाच बाया उभ्या होत्या. आत खोली ओळखू येत नव्हती. रोज जमिनीवर पसरलेली खेळणी बायांनी धुऊन, पुसून फळीवर ओळीनं मांडलेली, पोरांचा हात पोचणार नाही अशी. माती कुठंच नाही. पोरं तेल लावून, भांग पाडून भिंतीला लागून बसलेली. डाव्या हाताची घडी, उजव्या हाताचं बोट तोंडावर. कोपऱ्यात मॅडम मांडीवर कागद घेऊन बसलेल्या. तरुण होत्या, चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या.

ताईंनी विचारलं, "आज येताना वाटंत काय काय दिसलं रं?"

कोणी बोललं नाही. ताई नेहमीसारख्या थांबल्या. एक मुलगी न राहवून म्हणाली, "आमची शेळी..." खिडकीतून तिच्या चुलतीनं डोळे वटारले. मुलीनं बोट परत ओठांवर ठेवलं.

ताईंनी फळीवरचे ठोकळे काढून मध्ये ठेवले. एकही पोरगं हललं नाही. एकाच्या नाकावर माशी बसली, ती त्यानं उडवलीसुद्धा नाही. मॅडम लिहीत होत्या. बाहेर बाया समाधानानं एकमेकींकडे बघत होत्या. मी फक्त आमच्या मुलीकडे बघत होतो. इतर पोरांची बोटं अधूनमधून खाली येत होती, कुणी खाजवत होतं, कुणी चोखत होतं. तिचं बोट एकदाही हललं नाही. ओठ दाबून पांढरे झाले होते.

मॅडम निघाल्या तेव्हा मी त्यांना गाडीपाशी गाठलं. विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की काय बघता?"

"मुलं किती बोलतात, ताई त्यांचं ऐकून पुढं काय विचारतात, मुलं आपल्या मनानं काय उचलून खेळतात. हेच सगळं."

मी म्हणालो, "रोज हेच चालतं हो इथं. आज आयांनी गप्प बसवलंय. आम्ही दूध ढवळल्याशिवाय नमुना घेत नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. तुम्ही उद्या या. न सांगता या."

त्या म्हणाल्या, "काका, माझी इथली एकच सकाळ होती. मी जे पाहिलं तेच लिहू शकते. ऐकलेलं लिहायला लागले तर पलीकडच्यांवर अन्याय होईल."

त्यांचं बरोबर होतं. मीही तोंडी सांगितलेली फॅट कधी लिहीत नाही. मी बाजूला झालो. गाडी गेली.

त्या दिवशी जेवताना मुलीनं पाण्याकडे हात केला. बायको म्हणाली, "काय हवं? पानी म्हण." मुलीनं आमच्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. बायको ताटावरून उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला, तेच. अकरातला एकही शब्द उरला नाही. खिडकीतल्या बायांना कळलं तेव्हा त्यातली एक घरी येऊन रडली. "आमी चांगल्यासाठीच केलं वो." मी म्हणालो, माहीत आहे. दुसरं काय म्हणणार?

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. हायवेपलीकडची राहणार, आमची एप्रिलअखेर बंद. मी ताईंना विचारलं, "तोवर बोलेल का परत?"

"कसं सांगू भाऊ? पयल्यांदा बी मला म्हाईत नव्हतं."

"मी येऊन बसलो तर चालेल?"

आता संकलन संपलं की मी अंगणवाडीत जाऊन सतरंजीवर बसतो. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "ताई, ह्ये कोन?" ताई म्हणाल्या, "नवं पोरगं हाय. नाव सांगत न्हाई अजून." पोरं खिदळली. दोन दिवसांत ती माझ्या पाठीवर चढायला लागली. शेळीवाली मुलगी मला रोज शेळीचं सगळं सांगते. इतर पोरं कधीच मोकळी झाली. खोली पुन्हा पहिल्यासारखी आरडाओरड्यानं भरून जाते, आणि हे आता बघायला कोणीही येणार नाही.

आमची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी असते. काल मी मातीचा गोळा हातात धरून तिच्यासमोर बसलो, आणि ताई बसतात तसा गप्प बसलो. फार अवघड आहे ते. दर क्षणाला वाटतं, आपणच तिच्यासाठी बोलून टाकावं. तिनं गोळ्याकडे बघितलं. ओठ उघडले. आवाज आला नाही. मी हात तसाच पुढे धरून राहिलो. आज मार्चची वीस तारीख आहे. अंगणवाडी बंद व्हायला एक्केचाळीस दिवस.